छत्री, घड्याळ आणि मोशीचा वळू

हा प्रवास सात दिवसांचा होता, पण तो लिहायला मी चार वर्षं थांबलो. ज्या कामासाठी गेलो ते साधलं की फसलं, हे कळायलाच तेवढा काळ लागणार होता, आणि आकडा हाती आल्याशिवाय लिहायचं नाही ही माझी सवय. आता आकडा आला आहे. तो असा आहे की छाती पुढे काढून लिहावं.

मी कालव्यावरचा मोजणीदार. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावावरून कालवा जातो, त्याच्या पाण्याची उंची दिवसातून तीनदा बघून वहीत मांडायची ही माझी नोकरी. घरी दोन गाई आहेत आणि गावच्या दूध सोसायटीचं चिटणीसपणही माझ्याकडेच आहे. दुष्काळानंतर सोसायटी उभी राहिली, बरी चालली, आणि मग गावाशेजारच्या डोंगरात दगडाची खाण निघाली. दुपारी साडेचारला सुरुंग उडत आणि पाचला धारा काढायची वेळ. खाणीला सुट्टी असली की सगळ्या गावचं संध्याकाळचं दूध चाळीस लिटरच्या आसपास भरायचं. सुरुंगाच्या दिवशी सव्वीस. गाई दचकायच्या आणि पान्हा सोडायच्याच नाहीत. खाण बंद करा म्हणावं तर निम्म्या गावाची चूल तिच्यावर. दूध नेणाऱ्या टेम्पोवाल्यानं शेवटी सांगून टाकलं, "कॅन भरणार नसंल तर होळीनंतर संध्याकाळचा फेरा बंद."

मला मोजायची खोड. सुरुंगानंतर कोणती गाय किती मिनिटांनी पुन्हा रवंथ करू लागते, ते मी घड्याळ लावून टिपू लागलो. कुणी बारा मिनिटांत सावरे, कुणी चाळीस मिनिटांत. वर्षभराची वही बघताना एक गोष्ट डोळ्यांत भरली. चाळीस मिनिटंवालीच्या लेकीही चाळिशीच्याच आसपास होत्या, आणि गावच्या वळूच्या सगळ्या लेकी भित्र्यांच्या रांगेत.

वही घेऊन मी तालुक्याच्या जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, "बरोबर आहे. मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी एकेक ग्रंथी असते. जनावर दचकलं की ती रक्तात हार्मोन सोडते, भीतीचा रस म्हणा हवं तर. तो ओसरेपर्यंत पान्हा उतरायचा नाही. किती रस सुटायचा आणि किती लवकर आवरायचा, हे आईबापाकडून येतं. सगळं नाही, पण बरंच. शिंगं येतात, रंग येतो, तसंच."

"मग वळूच बदलला तर?"

"तर लेकी बदलतील. पण शांत रक्ताचा वळू शोधायचा कसा, ते तुम्हीच बघा. चाकणच्या बाजारात पुष्कळ माल येतो."

सोसायटीनं सात दिवसांची मुदत दिली आणि सोबत तात्या दिले. तात्या आमच्याकडचे जनावरांचे पारखी. शिंग, वशिंड, चाल आणि अंगावरचे भोवरे बघून जनावराची कुंडली सांगणारा माणूस. माझ्या मिनिटांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. एस.टी.त बसताना त्यांनी माझ्या हातातल्या काळ्या छत्रीकडे बघितलं.

"मोजणीदार, थंडीत छत्री कशाला?"

"वळू पारखायला," मी म्हणालो. गावाबाहेर सुरुंग कुठे मिळणार? रवंथ करणाऱ्या जनावरापुढे छत्री फटकन उघडायची आणि घड्याळ लावायचं, असं मी ठरवलं होतं.

तात्या स्वारगेटपर्यंत हसत होते.

पिंपरी

माझा मेहुणा वसंत पिंपरीत एका कंपनीत फिटर आहे. उतरलो त्याच्याकडेच. चाळीत दोन खोल्या, माणसं सहा. आमच्याकडे कुणी भेटलं की "जेवण झालं का" विचारतात, इथे "कुठली शिफ्ट" विचारतात. आमचं गाव सूर्यावर उठतं, हे भोंग्यावर. चाळीतला नळ सकाळी चाळीस मिनिटं येतो. मी मोजलं, एकोणचाळीस भरली.

वसंतच्या बायकोनं कांदाभजी आणि बेसनाची वडी केली होती. माझी मोहीम ऐकून वसंत म्हणाला, "दाजी, आमच्या सुपरवायझरची पण अशीच परीक्षा घ्या. पाना पडला तरी दोन तास थरथरतो."

"बाप कसा होता त्याचा?" तात्यांनी विचारलं. सगळी खोली हसली. थट्टा माझी होती, पण प्रश्न अगदी बरोबर होता.

चाकण

शनिवारी सकाळी बाजारात पोचलो. असा बाजार आमच्याकडे यात्रेलाच भरतो. एका अंगाला कांद्याचे ढीग, दुसऱ्या अंगाला जनावरं, मध्ये गुडदाणी आणि तिखट शेव विकणारे. तात्यांच्या अंगात वारं भरलं. तासाभरात त्यांनी वळू हेरला. काळा-पांढरा संकरित, तीन वर्षांचा, अंग घोटीव, कुठे वाईट भोवरा नाही. आई वेतात भरपूर दूध देणारी, असं व्यापारी शपथेवर सांगत होता. दावणीला बसून वळू रवंथ करत होता.

"हा," तात्या म्हणाले. "डोळं झाकून."

मी घड्याळात बघितलं, समोर जाऊन छत्री उघडली.

वळू बसल्या जागेवरून उडालाच. दावं तुटलं. शेजारची म्हैस बिथरली, भेळवाल्याची पाटी उलटली, आणि वळू माझी छत्री शिंगाला लावून कांद्याच्या ढिगातून आरपार गेला. चार माणसांनी त्याला धरून आणेपर्यंत बाजारातली निम्मी माणसं माझ्याभोवती गोळा झाली होती.

"ओ पावनं, पाऊस कुटं पडतूया?" एकजण ओरडला.

"नवरदेव हाय रं त्यो, छत्री धरून वरात काढली!"

व्यापारी तर माझ्या अंगावरच येत होता. "जनावर घ्यायचं न्हाई तर भेडवता कशाला?"

मी भेळवाल्याची नुकसानी भरून दिली, कांदे उचलायला मदत केली, आणि मग खाली बसून वळूकडे बघत राहिलो. त्यानं बावन्न मिनिटांनी रवंथ सुरू केली. वहीत लिहिलं: बावन्न. छत्रीची एक काडी मोडली होती, तीही लिहिली.

तात्या तोंड फिरवून बसले होते. तेवढ्यात कांद्याच्या ढिगामागचा एक म्हातारा, ज्याचे कांदे मी उचलत होतो, म्हणाला, "न भिणारं जनावर पायजे व्हय? मग मोशीला जावा, पारूबाईकडं. तिच्या वाडग्याला लागून लोखंड ठोकायचा कारखाना हाय. घण पडला की आपली भुई हालती. तिच्या गाई कान बी हालवत न्हाईत."

मोशी

पारूबाईचं घर ओळखायला कुणाला विचारावं लागलं नाही. घणाच्या आवाजाकडे चालत गेलो. भोसरीच्या बाजूनं कारखाने सरकत सरकत तिच्या बांधापर्यंत आले होते. धाडकन घण पडे आणि पायाखालची जमीन दणके. पारूबाई साठीच्या पुढची, नऊवारी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आवाज घणाच्या वर.

"या, या! मोठ्यानं बोला. हितं हळू बोलणारा उपाशी ऱ्हातो."

तिनं आधी जेवायला वाढलं. आम्ही ज्वारी खाणारे. इथे बाजरीची भाकरी, पिठलं आणि बुक्कीनं फोडलेला कांदा होता. नंतर खरवस. तात्यांचा राग तिथेच निम्मा उतरला.

तिची म्हातारी गाय तांबू बसून रवंथ करत होती. मी परवानगी घेऊन छत्री उघडली. तांबूनं तोंड थांबवलं, छत्रीकडे बघितलं, मोडक्या काडीचा वास घेतला. चार मिनिटांत रवंथ सुरू. तिचा चौदा महिन्यांचा गोऱ्हा शेजारी बांधला होता. त्याला सात मिनिटं लागली.

माझा आनंद तोंडावर दिसला असावा, कारण तात्यांनी लगेच त्यावर पाणी ओतलं. "मोजणीदार, ही सवय हाय, रक्त न्हाई. जल्मल्यापास्नं घण ऐकत्यात. आपल्या गावात हिची लेकरं दुसऱ्याच दिवशी पळतील." आणि गोऱ्ह्याच्या पाठीवरून हात फिरवून म्हणाले, "त्यात वशिंडामागं गोम हाय. असला वळू गावात नेला तर लोक मला दारात उभं करणार न्हाईत."

केसांच्या त्या अशुभ मानलेल्या रेघेचं, गोमेचं, मला काही वाटलं नाही. पण सवयीचं बोलणं बिनतोड होतं. मी वाडग्यात नजर फिरवली. कोपऱ्यात एक पांढरी गाय होती.

"मावशी, ही पण तांबूचीच?"

"न्हाई रं दादा. चांदी ती. सहा वर्सामागं इकत आणली, कालवड व्हती तवा."

सहा वर्षं तोच घण, तीच दावण, तोच चारा. छत्री उघडली. चांदी दाव्याला हिसडे देत राहिली. रवंथ सुरू व्हायला शेहेचाळीस मिनिटं लागली. म्हणजे नुसती सवय नव्हे. तात्यांनी मिशीवरून हात फिरवला. "हा अर्धा पुरावा झाला. उरलेला अर्धा?"

अर्धा पुरावा म्हणजे तांबूच्या अशा लेकी, ज्या घणाच्या आवाजात वाढल्याच नाहीत. विकलेली कालवड कुठे गेली हे आमच्याकडे कुणाला सांगता येत नाही, बाजारात गेली की गेली. पण पारूबाईचा एक नेम होता. घरची कालवड ती बाजारात नेत नसे. एका दिवसाच्या वाटेपल्याड कधी देत नसे. वसुबारसेला पुरणपोळी घेऊन ती पाळीपाळीनं प्रत्येकीच्या घरी जाई, पाय धुवून कुंकू लावी, आणि गोठेवालीला दोन शब्द सुनावून येई.

"तांबूच्या दोन लेकी सासरी हायेत," ती म्हणाली. "एक कुरुळीला, एक देहूला. दोन्ही तीन म्हयन्यांच्या व्हत्या तवा दिल्या. सरळ जावा, माझं नाव सांगा."

मी तात्यांकडे बघितलं. "दोघीही दहा मिनिटांच्या आत सावरल्या तर गोऱ्हा घ्यायचा. गोमेसकट."

"आणि एक जरी चुकली तर चाकणचा वळू," तात्या म्हणाले. "छत्री न उघडता."

कुरुळी

इंद्रायणी ओलांडून माळावरच्या वाटेनं चालत गेलो. कुरुळी शांत गाव. हरभऱ्याची शेतं, मोटारपंपाची धकधक, एवढाच काय तो आवाज. गोठेवाली आधी छत्रीवर तयार होईना. पारूबाईचं नाव काढल्यावर म्हणाली, "ती आज्जी व्हय? मग करा बाबा. न्हाईतर वसुबारसेला माझीच परीक्षा घ्यायची."

पाच मिनिटं. मी वही तात्यांपुढे धरली. त्यांनी ती उलटी धरून बघितली, सुलटी करून परत दिली, आणि वाटेत हरभऱ्याचे घाटे सोलून निम्मे मला दिले.

देहू

देहूला आम्ही मंगळवारी दुपारी पोचलो. नदीच्या घाटावर हातपाय धुतले, मासे पायाशी येऊन लुचत होते. माझं मन अगदी हलकं होतं. तांबूची दुसरी लेक एका विणकराच्या परसात होती. देखणी, आईसारखीच तांबडी, लिंबाखाली बसलेली.

छत्री उघडली. ती धडपडून उठली. डोळे मोठे झाले, नाकपुड्या फुलल्या. दहा मिनिटं झाली, वीस झाली, पंचवीस झाली. तेहेतिसाव्या मिनिटाला ती बसली आणि रवंथ करू लागली.

मी तेहेतीस लिहिलं. दुसरं काही लिहिण्याचा प्रश्नच नव्हता. शब्द दिलेला होता. मी छत्री मिटली आणि म्हणालो, "तात्या, उद्या चाकणला त्या व्यापाऱ्याच्या घरी जाऊ. तुमचा वळू."

तात्या गाईकडे टक लावून बघत होते. विणकराला म्हणाले, "उठवा तिला. चालवा."

गाय चार पावलं चालली.

"मागचा उजवा पाय बघा, मोजणीदार. टाकताना चोरती."

मला काहीच दिसलं नाही. तात्यांनी धोतर खोचलं, विणकराला शिंगं धरायला लावली, आणि खूर मांडीवर घेऊन चाकूच्या टोकानं उकरलं. आतून पू आला आणि पाठोपाठ बोटाच्या पेराएवढा खिळा. गाय थरथरली आणि एकदम सैल झाली. तात्यांनी जखम धुतली, हळद-तेलाची पट्टी बांधली. मग माझ्याकडे वळले.

"तुमी कालव्याच्या पट्टीवर आकडा बघता, तवा पट्टीला अडकलेला कचरा आधी काढता का न्हाई?"

"काढतो."

"मग हितं का न्हाई काढला? ज्या जिवाला आधीच ठणका लागलाय, त्याच्या अंगात तुमचा त्यो रस आधीच भरलेला असणार. त्याला छत्री दाखवून काय मोजता? ह्यो आकडा खोटा हाय."

"पण तात्या, हा आकडा तर तुमच्या बाजूचा होता."

"जनावर कुणाच्या बाजूचं नसतं," ते म्हणाले. "खोडा तिथला आकडा."

मी तेहेतीस खोडला नाही, शेजारी 'खुरात खिळा' असं लिहिलं. मुदतीतले दोन दिवस हातात होते. विणकराकडे राहिलो. दुसऱ्या दिवशी दुपारी गाय चारही पाय टेकवून चालत आली, लिंबाखाली बसली, रवंथ करू लागली. या वेळी छत्री तात्यांनी उघडली आणि घड्याळ माझ्याकडे ठेवलं.

सहा मिनिटं.

तात्या म्हणाले, "पुन्हा बघा, नीट." मी नीट बघितलं. सहाच. विणकर टाळ्या वाजवू लागला, का ते त्याला माहीत नव्हतं. मी त्या मोडक्या छत्रीला चक्क नमस्कार केला.

पुन्हा मोशी

पारूबाईला सगळं सांगितलं. खिळ्याचं ऐकून तिनं विणकराच्या नावानं बोटं मोडली, आणि तात्यांना आणखी एक वाटी खरवस वाढला. पण आम्ही गोऱ्हा मागितला तेव्हा तिनं खरवसाचं भांडं झाकून ठेवलं. घण चार वेळा पडला.

"सातारा जिल्हा म्हंता? न्हाई जमायचं. दिसाची वाट हा माझा नेम. चाळीस वर्सं पाळलाय."

मी आकडे सांगितले. चाळीस लिटर, सव्वीस लिटर, होळीनंतर बंद होणारा टेम्पो. तिनं ऐकून घेतलं, पण मान हलली नाही. नेमापुढे माझी वही चालेना. तेव्हा तात्या पुढे झाले.

"मावशी, एक विचारू? दिसाची वाट म्हंजी पायीच, असं कुणी सांगितलं?"

"म्हंजी?"

"पयली यष्टी स्वारगेटवरनं सकाळी सातला सुटती. दुपारी तीनला तुमी आमच्या गावात. दिस बुडायला तीन तास शिल्लक."

पारूबाईच्या तोंडावर हसू फुटलं. "वकिली करता का जनावरं पारखता, दादा?" ती उठली, गोऱ्ह्याच्या कपाळाला हात लावला. "न्या. पन ह्याच्या पोटची पयली लेक व्याली की मी येनार. तुमच्या त्या सुरुंगाखाली तिची धार बघनार. तिनं पान्हा चोरला तर ह्याला म्हागारी आननार. कबूल?"

"कबूल," आम्ही दोघे एकदम म्हणालो.

कांदे पोचवून परतणाऱ्या ट्रकमधून आम्ही गोऱ्हा आणला. कात्रजच्या घाटात सगळ्या गाड्या भोंगे वाजवत होत्या. मी मागे वळून बघितलं. तो बसून रवंथ करत होता.

गाव, चार वर्षांनंतर

गोमेवरून गावात खूप बोललं गेलं. तात्या प्रत्येकाला एकच उत्तर देत. "गोम म्या बी बघितली. आता मिनिटं बघा." टेम्पोवाल्याकडून आम्ही वेळ मागून घेतला. भित्र्या गाईंना सुरुंगाच्या वेळी कालव्यापलीकडे नेऊन बांधलं, बायकांनी रोजची तेवढी पायपीट केली, आणि कॅन कसाबसा भरत ठेवला.

गेल्या महिन्यात मोशीच्या वळूची पहिली लेक माझ्याच गोठ्यात व्याली. मी मोशीला पत्र टाकलं. ठरल्या दिवशी पारूबाई एस.टी.तून उतरली ती दोन वाजून पन्नास मिनिटांनी. हातात पुरणपोळीचा डबा. उतरल्या उतरल्या तिनं सूर्याकडे बघून मान डोलावली.

साडेचारला अर्धं गाव माझ्या गोठ्यात जमलं. मुद्दाम धार आधीच धरली होती. माझी बायको गाईखाली बसली, पारूबाई चहाचा कप घेऊन शेजारी उभी. मी मनगटावरच्या घड्याळावर नजर ठेवली.

सुरुंग उडाला. कौलं खणखणली.

चरवीतली धार थांबली नाही. तशीच जाड, तशीच लांब. गाईनं एक कान मागे केला आणि पुढे केला. दूध साडेपाच लिटर भरलं, आदल्या दिवशीच्या खाणीच्या सुट्टीला होतं तेवढंच.

मात्र पारूबाई जागच्या जागी उडाली होती. कप फुटला, चहा लुगड्यावर सांडला, आणि ती तात्यांचा दंड गच्च धरून "अगं आई गं, अगं आई गं" करत होती. मग तिला धार दिसली. ती हसायला लागली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "म्हागारी न्हाई नेत गं बाई त्याला," गाईच्या पाठीवर थाप मारत ती म्हणाली, "म्हागारी न्हाई नेत!"

तात्यांनी माझं मनगट धरून घड्याळ बघितलं. "मावशी, गाय लगेच सावरली. तुमाला तीन मिनिटं लागली."

"मग लिव्हा की वहीत," पारूबाई म्हणाली. "चांदीपरास बरीच हाय मी."

मी लिहिलं. त्याखाली त्या संध्याकाळचं सगळ्या गावचं दूधही लिहिलं: सुरुंगाचा दिवस असूनही बेचाळीस लिटर. गावाची वेस ओलांडताना टेम्पोवाल्यानं मुद्दाम दोनदा भोंगा वाजवला, आणि गोठ्यातल्या एकाही गाईनं मान वर केली नाही.